अकरा जोड बूट

॥ श्री ॥

सांगली, ता. ४ नोव्हेंबर १९४६

तीर्थस्वरूप गं. भा. बनूआक्का हिला धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुझी खुशाली मास्तरांकडून लिहवून पाठवीत जा. हंबीरराव मास्तरांना रामराम. मास्तर, तुम्ही वाचून दाखवता म्हणून आमच्या बहीणभावांचं बोलणं चालू आहे, हे मी विसरत नाही.

दिवाळीला आलो नाही म्हणून तू रागावलीस असं कळलं. मी पुण्याला गेलो होतो. लष्कराचा जुना माल लिलावात निघाला होता, त्यातले बूट घेतले. अकरा जोड, जोडाला साडेपाच रुपये. चौकात एवढंच सांगतो. तुला खरी किंमत सांगतो. रेल्वे, हमाली, तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकायची मजुरी धरून शंभराच्या वर गेले. शिवाय सोळा वर्षांत पहिल्यांदा माझं हॉटेल ऐन दिवाळीत दोन दिवस बंद राहिलं. शिवाय तुझ्या हातची ओवाळणी चुकली. ती कशी धरायची ते मला जमलं नाही, म्हणून शेवटी लिहिली.

बूट कशाला, असं तू विचारशील. तुझ्या पोराच्या क्लबाला. मास्तर, इथून जरा मोठ्यानं वाचा, म्हणजे ओसरीवर जे कोण बसले असतील त्यांना ऐकू जाईल. कृष्णाकाठ फुटबॉल क्लबातले सगळेच्या सगळे गडी आता बूट घालून खेळणार. इथं आजवर सगळे अनवाणीच खेळत आले. आणि या क्लबाचा चेअरमन आहे रहिमतपूरच्या आळीत शेण गोळा करत वाढलेला नाना, जो सांगलीत आला तेव्हा दुसऱ्याच्या हॉटेलात कपबश्या विसळत होता. मी चार खेळाडू पगारी ठेवलेत. नावाला हॉटेलातले, कामाला मैदानावरचे.

त्यातला पहिला तुझा कृष्णात. तो सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या पाचांतला मधला. बाजूच्यांनी चेंडू आणून द्यायचा, यानं तो घ्यायचा आणि गोलात घालायचा. दोन सामने झाले. एक जिंकला, एक बरोबरीत सुटला. दोन गोल, दोन्ही त्याचे. अनवाणी पायानं दोन, तर बुटानं किती? मी चौकात बोलून ठेवलंय, हंगाम संपायच्या आत वीस गोल नाही झाले तर गल्ल्यावर बसणार नाही.

भरतीचं माझ्या ध्यानात आहे. दाजी ब्रह्मदेशात राहिले तेव्हापासून तुझ्यापुढं पलटणीचं नाव काढायची सोय नाही. पोलिसात गेला तर पोरगं साताऱ्यात नजरेच्या टप्प्यात राहील, हे तुझं म्हणणं मला पटलेलं आहे. भरती जानेवारीत आहे म्हणतात. त्याच्या आधी आठ दिवस कृष्णात तुझ्या दारात उभा असेल. नेला तसा परत देईन, वर पायात बूट.

तुझा भाऊ,
नानासो शिंगटे
चेअरमन, कृष्णाकाठ फुटबॉल क्लब, सांगली


॥ श्री ॥

सांगली, ता. १ डिसेंबर १९४६

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. त्यात एकच ओळ, "भरतीची तारीख कळली का." मास्तरांचं अक्षर असलं तरी आवाज तुझा ओळखू आला. तारीख अजून लागलेली नाही. लागली की कळवतो.

इथं थंडी चांगली पडली आहे. साखर अजून रेशनवरच, त्यामुळं सकाळी गुळाचा चहा. गिऱ्हाईक कुरकुरतं आणि दोन कप पितं.

क्लबाचं विचारशील तर गेल्या तीन सामन्यांत गोल नाही. एकही नाही. एक हरलो, दोन कोरे सुटले. आता हॉटेलात दुसरा विषयच राहिला नाही. बसतो मी गल्ल्यावर, पण कान सगळ्या टेबलांवर. कोपऱ्यातला माणूस कप कसा ठेवतो त्यावरून चहा कसा झाला ते मला कळतं, तर माझ्या क्लबाबद्दल काय बोलतात ते कळणार नाही का?

परवाचंच सांगतो, तुला करमणूक होईल. हळदीचे व्यापारी सुकुमारशेठ, गुंडा टांगेवाला आणि आमचे पेन्शनर सुभेदार लालासाहेब, तिघं एका टेबलावर. डावीकडून पळणारा श्रेणिक हा सुकुमारशेठचा पुतण्या. त्यामुळं शेठना सगळा दोष मधल्या माणसात दिसतो.

शेठ म्हणाले, "पास येतोय हो, घेणारा नाही. श्रेणिक चेंडू ताटात वाढल्यासारखा आणून देतो, आणि हा कृष्णात हात धुऊन उठल्यासारखा बघत राहतो."

गुंडा म्हणाला, "आवं शेठ, वाढणाऱ्याचं बी बघा की! त्यो पास देतोय का धोंडा मारतोय? चेंडू येतोय गुडघ्याएवढा उंच. घ्यायचा कशानं, दातानं?"

"माझा पुतण्या म्हणून मी बोलत नाही. खेळात मी कुणाचा नाही."

"तराजूला हात लावला की बी तुमी कुणाचं नसताय, ठावं हाय."

सगळं हॉटेल हसलं. शेठही हसले. मग सुभेदारांनी मिशा पुसल्या. "गड्यांनो, पास बघू नका, पाय बघा. बूट आल्यापास्नं पाचीच्या पाची पोरं नांगरटीतनं चालल्यागत चालत्यात. कृष्णात तर उजवा पाय टेकायच्या आधी इचार करतोय. आमच्या पलटणीत गोरं बूट घालून खेळायचं, आमी अनवाणी. गोल आमीच करायचो. चेंडू पायाला कळावा लागतो."

मी गल्ल्यावरून म्हटलं, "सुभेदार, गोऱ्यांनी बूट घालूनच राज्य केलं."

"व्हय," ते म्हणाले, "अन् आता निघाल्यात."

त्यावर जे हसू उठलं ते रस्त्यापर्यंत गेलं. मीही हसलो. हॉटेलवाल्याला हसावंच लागतं.

पण आक्का, वीस गोलांचं बोलून बसलोय. आता गुंडा रोज आत येताना विचारतो, "मालक, गल्ल्यावर आजून बसलायसा?"

कृष्णात बरा आहे. उजव्या पायाला बूट टोचतो म्हणत होता. मी वर्तमानपत्राची घडी करून आत घालायला दिली. नवी वस्तू अंगवळणी पडायला वेळ लागतो. तुला कळवण्यासारखं त्यात काही नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

बावीस तारखेला मिरजकरांशी शिल्डचा सामना आहे. तो झाला की त्याला पाठवून देतो.

तुझा,
नानासो शिंगटे, चेअरमन


कार्ड

ता. २ जानेवारी १९४७

ती. आक्कास नमस्कार. भरती वीस तारखेला, साताऱ्याला. कृष्णातला जरा ताप आहे म्हणून निघणं लांबलं. काळजी करण्यासारखं नाही. तू इकडं येण्याची तसदी घेऊ नको. सामना हरलो. बाकी ठीक.

नानासो


सांगली, ता. २ फेब्रुवारी १९४७

मास्तर, हे पाकीट ओसरीवर फोडू नका. आक्काला आत माजघरात घेऊन जा, दार लोटा, आणि आवाज तिच्यापुरता ठेवा. पुढं जे लिहिलंय त्यातला एकही शब्द गाळू नका. गाळावासा वाटेल तिथंही नाही.

आक्का,

आधी हे ऐक. कृष्णात जिवंत आहे. ताप उतरलाय, दोन वेळा जेवतो. पाय शाबूत आहे. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

आता बसली असशील तर पुढचं ऐक.

बुटांना खाली पट्ट्या ठोकायच्या होत्या, चिखलात पाय घसरू नये म्हणून. पेठेतल्या जोडे शिवणाऱ्या म्हाताऱ्याला काम दिलं. तो आखूड खिळे मागत होता. माझ्याकडं चहाच्या खोक्यांचे उपटून ठेवलेले खिळे डबाभर पडून होते. तुला माझी सवय माहीत आहे, मी सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाही. तेच खिळे दिले. म्हातारा म्हणाला, "मालक, हे लांब हायती. आज ना उद्या आत डोकं काढत्याल." मी म्हटलं, "वरनं वाकवून ठोका."

बाकी दहा जोडांत ते वाकले. कृष्णातच्या उजव्या बुटात एक वाकला नाही.

त्यानं मला एकदा नव्हे, तीनदा सांगितलं. पहिल्यांदा मी कागदाची घडी दिली, ते तुला लिहिलं होतं. दुसऱ्यांदा फडकं दिलं. तिसऱ्यांदा तो गल्ल्यापाशी येऊन म्हणाला, "मामा, पास येतोय त्यो मला दिसतोय. पाय टाकवत न्हाई." समोर गिऱ्हाईक होतं. मी त्याला डोळ्यानं गप्प केलं.

बावीस तारखेला मैदान भरलं होतं. मिरजकरांची माणसं गाड्या जोडून आली होती. पहिल्या अर्ध्यात श्रेणिकनं दोनदा चेंडू अगदी त्याच्या पायाशी आणून दिला आणि दोन्ही वेळा तो हुकला. मागनं कुणी तरी ओरडलं, "आरं, चेंडू हाय त्यो, इंचू न्हाई!" सुकुमारशेठ माझ्या शेजारीच होते. ते म्हणाले, "नानासाहेब, भाचा नसता तर हा पोरगा संघात असता का?"

मला तिथं काही तरी बोलता आलं असतं. मी हसलो. म्हटलं, "शेठ, बहिणीचं तोंड बघावं लागतं."

आक्का, तुझं नाव मी तिथं असं वापरलं. हे कृष्णातला माहीत नाही. कुणी तुला सांगणारही नाही. मीच सांगतोय.

हाफ टाइमला तो बाजूला बसला आणि बूट काढला. कागदाची घडी लाल झाली होती. मला म्हणाला, "मामा, ह्यो अर्धा अनवाणी खेळतो. एक गोल काढून देतो तुमाला."

सुभेदार पाठीमागंच उभे होते. म्हणाले, "खेळू द्या की नानासो. पोरगं स्वतःहून म्हणतंय."

सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं असं मला वाटलं. खरं तर लोक ऊस खात होते, कुणाला माझं पडलं नव्हतं. पण मला ऐकू येत होता तो उद्याचा चौक. गुंडा म्हणणार, मालकाचं बूट मालकाच्या भाच्यानंच काढलं. मी म्हटलं, "बूट घाल."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. दाजी पलटणीला निघाले तेव्हा तुझ्याकडं बघत होते, तसं. मग खाली मान घालून नाडी बांधली.

त्यानंतर तो अर्धा तास पळाला. शेवटी शेवटी श्रेणिकनं तिसऱ्यांदा चेंडू दिला. समोर नुसता गोल मोकळा, राखणारा पडलेला. कृष्णातनं पाय उचलला आणि तो तसाच खाली बसला. लोक हसले. मिरजकर एका गोलानं जिंकले.

पुढचं लिहिताना मी दोनदा उठलो.

दुसऱ्या दिवशी पाय सुजला. लगेच डॉक्टरांना दाखवला असता तर बातमी चौकात जायला वेळ लागला नसता. म्हणून मी त्याला हॉटेलाच्या माडीवर निजवला, विचारील त्याला घोटा मुरगळला म्हणून सांगितलं, आणि हळदीचं पोटीस बांधत राहिलो. हळद सुकुमारशेठच्याच दुकानची. ते विचारायचे, "एवढी हळद कशाला?" मी म्हणायचो, "लोणचं घालायचंय." खाली गिऱ्हाईकं पुढचे पाच जण कसे नालायक आहेत ते बोलत होती. फळीची जमीन आहे, आक्का. वर सगळं ऐकू जातं. असे आठ दिवस काढले.

नवव्या दिवशी तो बरळायला लागला तेव्हा गुंडाचा टांगा दाराशी आणला. गुंडानं त्याला एकट्यानं उचलून खाली नेलं. मिरजेत भाडं द्यायला गेलो तर त्यानं माझा हात बाजूला सारला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, "किती दिवस झाले?" मी आठ सांगितले. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी आणला असता तर धुऊन पट्टी बांधून घरी पाठवला असता." तुला जे कार्ड पाठवलं, ताप आहे, काळजी नको, ते मी दोन दिवसांनी त्याच दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलं. आत त्या वेळी बोटं काढत होते.

वीस तारीख गेली. त्या दिवशी सकाळी तो खाटेवर उठून बसला होता. म्हणाला, "आता साताऱ्यात रांग लागली आसंल." एवढंच. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

काल मी त्याला म्हटलं, "कृष्णात, हॉटेल निम्मं तुझं. कागद करून देतो. गल्ल्यावर बस, तुला कुठं चालायचं आहे?" मला वाटलं होतं हे ऐकून त्याला बरं वाटेल. मी आजवर प्रत्येक गोष्ट काही तरी देऊन मिटवत आलोय.

तो म्हणाला, "मामा, तुमी लय चांगलं ऐकताय आसं सारी सांगली म्हणती. मी तीनदा सांगितलं ते तुमाला ऐकू आलं न्हवतं व्हय?"

मी म्हटलं, "आलं होतं."

तो म्हणाला, "मग ठीक हाय. मला वाटलं, मीच हळू बोललो."

तो रागावला नाही, आक्का. रागावला असता तर बरं झालं असतं. हॉटेल नको म्हणाला. घरी जायचं म्हणाला, तुझ्याकडं.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं त्याला मिरजेहून आणतो. रहिमतपूरच्या स्टेशनावर बैलगाडी पाठव, खाली कडबा जाड घालायला सांग, पाय हिंदकळू नये. तो काठी घेऊन चालतो. डॉक्टर म्हणतात, सवयीनं काठी सुटेल, शेतातलं बरंचसं काम होईल, पळणं होणार नाही.

मी त्याला गाडीत बसवून तिथूनच मागं फिरायचं की तुझ्या दारापर्यंत यायचं, हे तू ठरव. यावं असं असेल तर गाडीवानाकडं तुझं घोंगडं पाठव. घोंगडं दिसलं नाही तर मी समजेन आणि पुढच्या गाडीनं परत जाईन. त्यावर तुला कधी विचारणार नाही.

क्लबाचं काम मी सोडलं. उरलेला शेवटचा सामना पोरं अनवाणी खेळली. श्रेणिकनं पास चांगले दिले. सुकुमारशेठ सामना संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "घेणारा नव्हता हो." या खेपेला ते दोष देत नव्हते. बूट मी माळ्यावर टाकलेत. कृष्णातचा उजवा बूट मात्र गल्ल्याखाली ठेवलाय, रोज पायाला लागेल असा.

मास्तर, आता दार उघडा. आक्का हो म्हणाली तर ओसरीवर या, आणि पहिल्या पत्रातलं जसं मोठ्यानं वाचलंत तसं पुढचं मोठ्यानं वाचा. त्या दिवशी ज्यांनी ऐकलं ते बसलेले असतील तर फार बरं.

कृष्णाकाठ क्लबाचा हंगाम संपला. एकूण गोल दोन. दोन्ही कृष्णातचे, दोन्ही बूट यायच्या आधीचे.

नाना